पांढऱ्या पेशी लाखावर गेल्या तर : क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाचे निदान कसे होते, प्रकार कसे ठरतात

हर्नियाच्या ऑपरेशनआधी, नोकरीच्या मेडिकलसाठी किंवा नुसत्या थकव्याच्या तक्रारीवरून सीबीसी केली जाते. संध्याकाळी रिपोर्ट हातात येतो आणि टोटल काउंटच्या ओळीत १,४२,००० असा आकडा दिसतो. शेजारी चार ते अकरा हजार ही सामान्य मर्यादा छापलेली असते. खाली पॅथॉलॉजिस्टचा शेरा असतो : रक्तविकार तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल, या आजाराची बऱ्याच रुग्णांशी पहिली ओळख अशी होते. दुखत काहीच नसते, पण घरात त्या रात्री कोणाला झोप लागत नाही.

तुमच्या किंवा घरातल्या कोणाच्या हातात असा रिपोर्ट असेल तर दोन गोष्टी आधी समजून घ्या. पहिली, नुसत्या काउंटवरून कर्करोगाचे निदान होत नाही. दुसरी, निदान सीएमएलचेच निघाले तरी रक्ताच्या कर्करोगांमध्ये आज सर्वांत चांगले आटोक्यात राहणाऱ्या आजारांपैकी तो एक आहे. मात्र त्यासाठी निदान नेमके हवे. नाव एका अक्षराने चुकले तर औषध चुकते.

नावाचा अर्थ

हाडांच्या आत जो मऊ गर असतो त्याला अस्थिमज्जा म्हणतात. रक्तातल्या सगळ्या पेशी तिथेच तयार होतात. त्यांच्या दोन मोठ्या शाखा आहेत. लिम्फॉइड शाखेतून लिम्फोसाइट तयार होतात. मायलॉइड शाखेतून न्यूट्रोफिल, इओसिनोफिल, बेसोफिल, मोनोसाइट, तांबड्या पेशी आणि प्लेटलेट तयार होतात. कर्करोग कोणत्या शाखेत झाला आणि तो किती वेगाने वाढतो, यावरून ल्युकेमियाचे चार मुख्य प्रकार पडतात : एएमएल, एएलएल, सीएमएल आणि सीएलएल. पहिले अक्षर वेग सांगते. ‘ए’ म्हणजे ॲक्यूट, तीव्र, ज्यात आठवड्यांत प्रकृती ढासळते. ‘सी’ म्हणजे क्रॉनिक, दीर्घकाळ चालणारा. मधले अक्षर शाखा सांगते.

हे एवढे लक्षात ठेवा, कारण नातेवाईक फोनवर एकमेकांना सांगताना सीएमएलचे सीएलएल होते, आणि मग इंटरनेटवर भलतीच माहिती वाचली जाते. सीएलएल हा बहुधा उतारवयातला, लिम्फोसाइटचा आजार आहे. त्यात अनेकांना कित्येक वर्षे औषधच लागत नाही, फक्त लक्ष ठेवले जाते. सीएमएलमध्ये निदान झाल्यावर उपचाराशिवाय थांबणे चालत नाही.

सीएमएल संसर्गाने पसरत नाही. आईवडिलांकडून मुलांकडेही जात नाही. किरणोत्सर्गाच्या मोठ्या माऱ्याने त्याचा धोका वाढतो हे हिरोशिमा आणि नागासाकीच्या बॉम्बमधून वाचलेल्या लोकांत दिसून आले. आपल्याकडच्या जवळजवळ सर्व रुग्णांत मात्र कोणतेही कारण सापडत नाही. ‘माझे काय चुकले?’ हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. उत्तर आहे, काहीच नाही.

पाश्चात्त्य देशांत हा आजार बहुधा साठीच्या आसपास दिसतो. भारतात तो बऱ्याचदा तिशी-चाळिशीतच सापडतो, म्हणजे घर चालवणाऱ्या माणसाला.

पहिला संशय

लक्षणे असलीच तर गोलमोल असतात. थकवा, वजन उतरणे, रात्री घाम येणे, डाव्या बरगडीखाली जडपणा, दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखे वाटणे. शेवटची दोन लक्षणे प्लीहेमुळे असतात. प्लीहा, जिला गावाकडे पाणथरी म्हणतात, ती या आजारात वाढते आणि जठराला ढकलते. असे रुग्ण महिना-दोन महिने ॲसिडिटीच्या गोळ्या घेऊन आलेले असतात. काहींना युरिक ॲसिड वाढल्याने सांधेदुखी होते. क्वचित एखाद्या तरुणाला तासन्‌तास न उतरणारी, दुखणारी लिंगताठरता होते. लाजेपोटी ती लपवली जाते, पण ती तातडीची बाब आहे, लगेच रुग्णालयात जावे.

माझ्याच दवाखान्यातले एक उदाहरण सांगतो. शिवणकाम करणारे, चाळिशीतले गृहस्थ ताप आणि खोकल्यासाठी आले. पांढऱ्या पेशी २८,००० होत्या. मी संसर्ग समजून अँटिबायोटिक दिले. ताप गेला. पंधरा दिवसांनी पुन्हा तपासले तर काउंट ३१,०००. तेव्हा मी पहिला रिपोर्ट नीट वाचला. बेसोफिल ६ टक्के असे त्यात स्पष्ट छापलेले होते. बेसोफिल एरवी एक टक्क्याच्या आसपास असतात आणि साध्या संसर्गात ते वाढत नाहीत. मी फक्त वरचा मोठा आकडा पाहिला होता. त्यांचे नुकसान झाले नाही, पण तेव्हापासून काउंट वाढलेला दिसला की माझी नजर आधी खालच्या ओळींवर जाते. तुम्हीही तुमच्या डॉक्टरांना ती ओळ दाखवायला संकोचू नका.

काउंट वाढण्याची कारणे अनेक आहेत. तीव्र संसर्ग, क्षयरोग, स्टिरॉइडच्या गोळ्या, मोठी शस्त्रक्रिया किंवा भाजणे. संसर्गामुळे काउंट पन्नास हजारांच्या वर गेला तर त्याला ल्युकेमॉइड रिॲक्शन म्हणतात, म्हणजे ल्युकेमियासारखे दिसणारे पण ल्युकेमिया नसलेले. दोन्हींत फरक करण्याचे पहिले साधन स्वस्त आणि जुने आहे : पेरिफेरल स्मिअर. काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब पसरून, रंगवून, पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः पाहतो. मशीनचा काउंट इथे पुरेसा नाही. अपक्व पेशी आणि बेसोफिल ओळखताना मशीन गोंधळते.

सीएमएलच्या स्मिअरमध्ये मज्जेतली सगळी वंशावळ रक्तात उतरलेली दिसते. पूर्ण वाढलेले न्यूट्रोफिल, त्यांच्या आधीच्या अवस्थेतील मायलोसाइट, मेटामायलोसाइट, थोडे ब्लास्ट, वाढलेले बेसोफिल आणि इओसिनोफिल. प्लेटलेटही बहुतेकदा वाढलेल्या असतात. ल्युकेमॉइड रिॲक्शनमध्ये न्यूट्रोफिलच्या आत गडद दाणे दिसतात, बेसोफिल वाढत नाहीत, आणि मूळ आजार बरा झाला की काउंट खाली येतो. सोबत पोटाची सोनोग्राफी, एलडीएच आणि युरिक ॲसिडही पाहिले जाते. पण संशय पक्का झाला तरी ते निदान नव्हे. निदान होते गुणसूत्राच्या पातळीवर.

फिलाडेल्फिया गुणसूत्र

१९६० मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना सीएमएलच्या रुग्णांच्या पेशींत एक नेहमीपेक्षा लहान गुणसूत्र दिसले. शहरावरून त्याला नाव पडले. एखाद्या कर्करोगाशी ठरावीक गुणसूत्रदोषाचा संबंध जुळल्याचे ते पहिले उदाहरण होते. ते गुणसूत्र लहान का, हे १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट राऊली यांनी उलगडले. क्रमांक ९ आणि क्रमांक २२ या गुणसूत्रांचे तुकडे आपसात अदलाबदल झालेले असतात.

या अदलाबदलीत ९ वरचे एबीएल हे जनुक २२ वरच्या बीसीआर या जनुकाला येऊन चिकटते. एबीएल एरवी पेशीला गरजेपुरतीच वाढीची सूचना देते. बीसीआरला जोडल्यावर ती सूचना बंदच होत नाही, दाराची बेल दाबलेली राहावी तशी. पेशी वाढत राहतात. इमॅटिनिब हे औषध नेमकी हीच बेल बंद करते. अमेरिकेत २००१ मध्ये त्याला मान्यता मिळाली, आणि त्याआधी सरासरी काही वर्षांचेच आयुष्य देणारा हा आजार गोळीने सांभाळण्याजोगा झाला. इमॅटिनिबच्या मूळ चाचणीतील रुग्णांपैकी ८३ टक्क्यांहून अधिक दहा वर्षांनंतर जिवंत होते.

म्हणूनच बीसीआर-एबीएल सापडणे म्हणजे सीएमएलचे निदान, आणि ते नसेल तर आजार सीएमएल नाही, तो दुसरा कोणता तरी आहे आणि इमॅटिनिबचा त्यात सहसा उपयोग नाही. रिपोर्ट येण्याआधीच ओळखीच्या कोणी सांगितलेली गोळी सुरू करू नका.

तीन तपासण्या, आणि एक नेहमीची चूक

हा दोष शोधण्याच्या तीन पद्धती आहेत. कॅरिओटायपिंगमध्ये पेशी वाढवून त्यांची सगळी गुणसूत्रे मांडून पाहतात. शंभरातल्या साधारण ९५ रुग्णांत फिलाडेल्फिया गुणसूत्र यात दिसते. उरलेल्यांत अदलाबदल इतकी बारीक असते की ती पुढच्या दोन पद्धतींनीच कळते. फिश या तपासणीत दोन्ही जनुकांना वेगवेगळे चमकणारे रंग लावतात, आणि रंग एकमेकांना भिडलेले दिसले की जोड सिद्ध होते. ती हाताच्या शिरेतल्या रक्तावरही होते आणि काही दिवसांत उत्तर येते. पीसीआर सर्वांत संवेदनशील आहे, लाखभर चांगल्या पेशींत लपलेल्या मोजक्या वाईट पेशीही ती पकडते.

चूक होते ती पीसीआरच्या प्रकारात. ही तपासणी दोन तऱ्हेने होते. क्वालिटेटिव्ह पीसीआर फक्त आहे किंवा नाही एवढे सांगते, आणि जोड नेमकी कोणत्या जागी झाली तेही सांगते. क्वांटिटेटिव्ह पीसीआर प्रमाण किती ते टक्क्यांत सांगते. निदानाच्या वेळी पहिली हवीच, कारण जोडीचे प्रकार आहेत. बहुतेक रुग्णांत पी२१० हे प्रथिन तयार होते आणि रिपोर्टवर ई१३ए२ किंवा ई१४ए२ असे लिहिलेले असते. मोजक्या रुग्णांत पी१९० किंवा पी२३० असते. नेहमीची क्वांटिटेटिव्ह चाचणी पी२१० साठी बनवलेली आहे. एखाद्याला पी१९० असेल आणि पहिल्या दिवशी फक्त नेहमीची क्वांटिटेटिव्ह चाचणी केली, तर रिपोर्ट शून्य येऊ शकतो आणि आजार असूनही नाही म्हटले जाते. पुढे उपचार चालू असताना मात्र उलटे : तेव्हा क्वालिटेटिव्ह चाचणीत नुसते ‘पॉझिटिव्ह’ येऊन काहीच कळत नाही, प्रमाण घटते आहे की वाढते आहे तेच पाहायचे असते.

लॅबच्या पावतीवर कोणती चाचणी लिहिली आहे ते वाचा. दोन्हींची नावे एकसारखी दिसतात आणि किंमत हजारांत असते. चुकीची झाली तर पुन्हा तेवढेच पैसे जातात.

मज्जेची तपासणी कशासाठी

रक्तातून निदान झाले तर हाड कशाला टोचायचे, हा प्रश्न बरोबर आहे. उत्तर असे की निदानासाठी नाही, टप्पा ठरवण्यासाठी. मज्जेत ब्लास्ट किती टक्के आहेत आणि फिलाडेल्फियाखेरीज आणखी गुणसूत्रदोष आहेत का, हे मज्जेतूनच नीट कळते. पहिल्या वेळी ही तपासणी टाळू नये असे माझे मत आहे. नंतर ती वारंवार करावी लागत नाही.

लोकांची भीती बहुधा गैरसमजातून असते. पाठीच्या कण्यातून पाणी काढतात ती तपासणी वेगळी. ही कमरेच्या मागच्या बाजूच्या रुंद हाडातून, जागा बधिर करून करतात. पंधरा-वीस मिनिटे लागतात. मज्जा ओढताना क्षणभर ओढल्यासारखी कळ येते, ती बधिरतेनेही पूर्ण थांबत नाही, हे आधीच माहीत असलेले बरे. त्याच दिवशी चालत घरी जाता येते. पायाला लुळेपणा येत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांनी हाताने पोट तपासून प्लीहा बरगडीखाली किती सेंटीमीटर आहे ते लिहून ठेवले पाहिजे. वय, प्लीहेचा आकार, प्लेटलेट आणि ब्लास्टचे प्रमाण यांवरून धोक्याची पातळी काढतात. सोकल आणि ईएलटीएस ही त्या गणितांची नावे आहेत. एकदा औषध सुरू झाले की प्लीहा उतरते आणि ते गणित पुन्हा मांडता येत नाही.

टप्पे

दहापैकी नऊहून अधिक रुग्ण क्रॉनिक टप्प्यात सापडतात. ब्लास्ट कमी असतात, गोळीचा परिणाम उत्तम होतो. दुसऱ्या टोकाला ब्लास्ट टप्पा : रक्तात किंवा मज्जेत ब्लास्ट २० टक्के किंवा अधिक, अथवा मज्जेबाहेर त्यांची गाठ. तेव्हा आजार ॲक्यूट ल्युकेमियासारखा वागतो, केमोथेरपी आणि शक्य असल्यास मज्जा प्रत्यारोपणाचा विचार करावा लागतो.

मधल्या टप्प्याचे, ॲक्सिलरेटेड फेजचे, काय करायचे यावर तज्ज्ञांत एकमत नाही. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाच्या पाचव्या आवृत्तीने हा टप्पा काढून टाकला आणि क्रॉनिक टप्प्यातच जास्त धोक्याची लक्षणे वेगळी नोंदवावीत असे सुचवले. त्याच वर्षी आलेल्या आयसीसी या दुसऱ्या वर्गीकरणाने तो कायम ठेवला : ब्लास्ट १० ते १९ टक्के, किंवा बेसोफिल २० टक्के वा अधिक, किंवा ठरावीक जादा गुणसूत्रदोष. त्यामुळे एकाच रुग्णाच्या दोन रिपोर्टांत दोन शब्द दिसू शकतात. कोणीतरी चुकले असा त्याचा अर्थ नाही. कोणते वर्गीकरण वापरले तेवढे विचारा.

बीसीआर-एबीएल नसेल तर

विल्यम डेमशेक यांनी १९५१ मध्ये मज्जेतून पेशींचे अति उत्पादन करणाऱ्या काही आजारांना एका कुटुंबात बसवले. आज त्यांना मायलोप्रोलिफरेटिव्ह निओप्लाझम म्हणतात. सीएमएल त्यातलाच. बाकीच्या भावंडांत फिलाडेल्फिया नसते.

पॉलिसायथेमिया व्हेरामध्ये तांबड्या पेशी वाढतात. चेहरा लालसर, डोके जड आणि गरम पाण्याने आंघोळ केल्यावर अंगाला खाज ही त्याची ओळख. पुरुषांत हिमोग्लोबिन १६.५ च्या वर आणि स्त्रियांत १६ च्या वर असेल तर शंका घेतात. सिगारेट, फुप्फुसाचे आजार आणि घोरण्याचा आजार यांनीही ते वाढते, म्हणून जॅक-२ या जनुकातला बदल तपासतात. तो २००५ मध्ये सापडला आणि या आजाराच्या ९५ टक्के रुग्णांत असतो. तरुण माणसाच्या यकृताच्या शिरेत कारणाशिवाय गुठळी झाली तरी ही तपासणी करतात.

इसेन्शियल थ्रॉम्बोसायथेमियात प्लेटलेट साडेचार लाखांच्या वर राहतात. पण आपल्याकडे, विशेषतः स्त्रियांमध्ये, प्लेटलेट वाढण्याचे खूपच सामान्य कारण लोहाची कमतरता आहे. आधी फेरिटिन तपासा, मग जनुकांकडे वळा. जॅक-२ मधला बदल या आजाराच्या निम्म्याहून थोड्या अधिक रुग्णांत सापडतो, बाकीच्यांत सीएएलआर किंवा एमपीएल पाहतात. आणि इथेही बीसीआर-एबीएल तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण काही सीएमएल रुग्णांत सुरुवातीला फक्त प्लेटलेटच वाढलेल्या असतात.

मायलोफायब्रोसिसमध्ये मज्जेत जाळे साचते. प्लीहा प्रचंड वाढते, स्मिअरमध्ये अश्रूच्या थेंबासारख्या तांबड्या पेशी दिसतात, आणि सुई टाकूनही मज्जा ओढली जात नाही. तेव्हा हाडाचा छोटा तुकडा काढूनच निदान होते. मोनोसाइट सतत वाढलेले असतील तर सीएमएमएल हा निराळा आजार विचारात घ्यावा लागतो. नाव सीएमएलसारखे असले तरी उपचार वेगळे.

उलट, बीसीआर-एबीएल सापडूनही आजार सीएमएल नसेल असेही घडते. प्रौढांच्या एएलएलमध्ये साधारण चौथ्या हिश्श्याला फिलाडेल्फिया गुणसूत्र असते, बऱ्याचदा पी१९० प्रकारचे. म्हणून एकटा जनुकाचा रिपोर्ट पुरत नाही, तो स्मिअर, मज्जा आणि फ्लो सायटोमेट्री यांच्या शेजारी ठेवून वाचावा लागतो.

निदानानंतरचे वर्ष

काउंट महिना-दोन महिन्यांत उतरतो आणि इथेच काही रुग्ण गोळी सोडतात. बरे वाटते, सीबीसी नॉर्मल आहे, गावी जायचे असते. पण सीबीसी नॉर्मल येणे ही फक्त पहिली पायरी. खरी प्रगती क्वांटिटेटिव्ह पीसीआर सांगते, आंतरराष्ट्रीय मापावर. तिसऱ्या महिन्यात १० टक्के किंवा कमी, सहाव्यात १ टक्का किंवा कमी, वर्षाअखेर ०.१ टक्का किंवा कमी, अशी अपेक्षा असते. तपासणी शक्यतो एकाच लॅबमध्ये करा, नाहीतर लॅब बदलल्याचा फरक आजाराचा फरक वाटतो.

आकडा उतरत नसेल तर डॉक्टर आधी विचारतात, गोळ्या चुकल्या का? रागावू नका आणि खरे सांगा. महिन्यात चार-पाच दिवस गोळी चुकणे हेही पुरेसे कारण असते. गोळ्या नियमित असूनही आकडा चढत असेल तर एबीएलमधला म्युटेशन तपासतात. टी३१५आय हा बदल असेल तर इमॅटिनिब, डासाटिनिब, निलोटिनिब काम करत नाहीत आणि पोनाटिनिब किंवा असिमिनिबचा विचार होतो.

खर्चाबद्दल लोक विचारायला कचरतात. ग्लिव्हेकच्या पेटंटची मागणी सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळली, त्यामुळे भारतात जेनेरिक इमॅटिनिबचा मार्ग मोकळा राहिला. ते मूळ औषधाच्या कितीतरी कमी किमतीत मिळते. रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांना पहिल्याच भेटीत भेटा. सरकारी योजना आणि धर्मादाय मदतीची कागदपत्रे तेच सांगतात.

तुम्ही स्त्री असाल आणि मूल हवे असेल तर हे पहिल्या भेटीतच बोला. इमॅटिनिब चालू असताना गर्भधारणा टाळावी लागते. दिवस राहिले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, पण स्वतःहून गोळी बंद करून महिनोन्‌महिने गप्प बसू नका. अनेक वर्षे खोलवर प्रतिसाद टिकला तर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली औषध थांबवून पाहता येते. त्यांतल्या साधारण निम्म्यांत आजार परततो, बहुतेकदा पहिल्या सहा महिन्यांत, म्हणून तेव्हा पीसीआर वारंवार करावी लागते. परतलेला आजार गोळी पुन्हा सुरू केल्यावर बहुतेकांत पुन्हा आटोक्यात येतो.

आणि दुसऱ्या कोणत्याही आजारासाठी कुठेही गेलात तरी इमॅटिनिब चालू असल्याचे सांगा. क्षयरोगाच्या उपचारातले रिफाम्पिसिन आणि फिट्सच्या काही गोळ्या रक्तातले इमॅटिनिब बरेच कमी करतात. औषधांची चिठ्ठी, निदानाच्या वेळचा पीसीआरचा मूळ रिपोर्ट आणि मज्जेचा रिपोर्ट एका फाइलमध्ये ठेवा, आणि तिघांचे फोटो मोबाइलवरही असू द्या.